दोन केसांमधली हवा

मे महिना लागला की छत्रपती संभाजीनगरातल्या कुत्र्यांच्या ग्रूमिंगच्या दुकानांत एक मागणी हमखास ऐकू येते : ‘झिरो मशीन मारून टाका.’ मागणी करणारा माणूस निर्दयी नसतो, उलट कळवळ्याने आलेला असतो. बाहेर पारा चाळिशीला टेकलेला, सिडकोतल्या फ्लॅटच्या गॅलरीत हस्की जीभ लोंबवून पडलेला आणि त्याच्या अंगावर हा एवढा केसांचा भार. आपण बनियनवर बसलोय आणि या मुक्या जिवाला लोकरीचा कोट घालून ठेवलाय, हे त्याला बघवत नाही. मग मशीन फिरतं, फरशीवर करड्या-पांढऱ्या केसांचा ढीग साचतो आणि कुत्रा निम्म्या आकाराचा होऊन घरी येतो. पोरं हसतात. आजी म्हणते, ‘बरं झालं बाई, सुटला बिचारा.’

तो सुटलेला नसतो. उकाडा फार तर थोडा कमी झालेला असतो आणि पुढच्या वर्ष-दीड वर्षाची कटकट मागे लागलेली असते. ती का, हे कळायला आधी या केसांचं काम काय ते बघावं लागतं. त्यासाठी ते केस जिथे घडले त्या बर्फात जाऊन यायला हवं.

हस्की, समोएड, चाऊ चाऊ, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर आणि आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ‘पामेरियन’ म्हणून वाढलेला पांढरा स्पिट्झ हे सगळे दुहेरी केसांचे कुत्रे. ग्रूमिंगवाले सरळ ‘डबल कोट’ म्हणतात. वरचे केस लांब, राठ, किंचित तेलकट. ते पाणी आणि ऊन अडवतात. खालची लव आखूड, दाट, लोकरीसारखी मऊ. ही लव स्वतः ऊब तयार करत नाही, ती फक्त हवा धरून ठेवते. केसांच्या जाळीत अडकलेली, हलायला जागा नसलेली कोरडी हवा उष्णतेला पुढे जाऊ देत नाही, एवढंच त्यातलं शास्त्र. जुनी गादी थंड का लागते? कापूस तेवढाच असतो, पण दबलेला असतो. पिंजारी येऊन तो पिंजून देतो, म्हणजे कापसात पुन्हा हवा भरतो. कुत्र्याचा कंगवा हेच करतो.

हवेचा हा हिशेब शास्त्रज्ञांनी मोजून ठेवला आहे. शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात अलास्काच्या बर्फातले प्राणी आणि पनामाच्या जंगलातले प्राणी यांच्या केसाळ कातड्यांची तुलना होती. केसांचा थर जितका जाड तितकी ऊब जास्त, हे अपेक्षितच होतं. खरी गंमत पुढे आहे. ध्रुवीय अस्वलाचं कातडं बर्फाच्या पाण्यात बुडवल्यावर त्याची ऊब धरण्याची ताकद जवळजवळ संपली. केस जागच्या जागी होते, पण त्यांच्यातली हवा निघून गेली होती.

आल्प्समधल्या साधूंना हे शोधनिबंधाविनाच कळलं होतं, फक्त किंमत मोजून. स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवर ग्रेट सेंट बर्नार्ड खिंड आहे, उंची २,४६९ मीटर. तिथल्या मठात वाटसरूंना आसरा मिळे आणि बर्फात हरवलेल्यांना शोधायला साधू कुत्रे घेऊन निघत. त्यांतला सर्वांत नावाजलेला ‘बॅरी’. त्याचा जन्म १८०० सालचा, मृत्यू १८१४ चा. चाळीसहून जास्त माणसांचे जीव वाचवल्याचं श्रेय त्याला दिलं जातं आणि पेंढा भरलेला त्याचा देह आजही बर्नच्या संग्रहालयात आहे. (गळ्यातलं ब्रँडीचं पिंप मात्र चित्रकाराची करामत. एडविन लँडसीअरने १८२० च्या सुमारास ते एका चित्रात रंगवलं आणि ते कायमचं चिकटलं.) बॅरी आखूड केसांचा होता. आज कॅलेंडरवर दिसणारा झुबकेदार सेंट बर्नार्ड नंतरचा आहे. १८३० च्या सुमारास मठातली कुत्र्यांची संख्या आणि ताकद खालावली, तेव्हा साधूंनी त्यांचा संकर लांब केसांच्या न्यूफाउंडलंड कुत्र्यांशी केला. केस वाढले की थंडी कमी वाजेल, असाही हिशेब त्यात होताच. झालं उलटंच. लांब मऊ केसांना बर्फ चिकटू लागला, अंगाच्या उबेने थोडा वितळून पुन्हा गोठू लागला आणि केसागणिक बर्फाच्या गोळ्या लोंबणारे कुत्रे चालता चालता थकून बसू लागले. साधूंनी केसाळ पिल्लं खाली दरीतल्या लोकांना देऊन टाकली आणि आखूड केसांचीच कामाला ठेवली.

बर्फासाठी केस हवेत हे खरं, पण कोणतेही केस चालत नाहीत.

हा अनुभव आज शिकागो, टोरांटो, मिनियापोलिस इथल्या मराठी घरांना दर डिसेंबरात येतो. शिकागोत महाराष्ट्र मंडळ १९६९ पासून आहे. तिथे गेलेल्यांची दुसरी-तिसरी पिढी आता कुत्रे पाळते. गोल्डन डूडल, शी त्झू, समोएड असे मऊ केसांचे कुत्रे हौसेने घरात येतात. पहिल्या बर्फात पोरं आणि कुत्रा मनसोक्त लोळतात आणि घरात आल्यावर कुत्र्याच्या पोटाखाली, मांड्यांच्या मागे, बोटांच्या बेचक्यांत लिंबाएवढाले बर्फाचे गोळे लटकलेले असतात. फार थंड, कोरडा, पिठासारखा बर्फ झटकला की पडतो. शून्याच्या आसपासचा ओलसर बर्फ सर्वांत वाईट, तो चिकटतो. म्हणजे ‘आज तेवढी थंडी नाही’ असं वाटतं, त्याच दिवशी त्रास जास्त.

ते गोळे ओढून काढायचे नाहीत. केसांबरोबर कातडीही ओढली जाते. कात्री तर लावायचीच नाही, कारण गोळ्याच्या आत कातडीचा दुमड कुठे आहे ते दिसत नाही. कोमट पाण्यात पाय बुडवायचा किंवा ड्रायर मंद ठेवून गोळा आपोआप सुटू द्यायचा, मग रुंद दातांचा कंगवा. पंजाच्या गाद्यांमधले केस गादीच्या पातळीपर्यंत आधीच कापून ठेवले तर निम्मा त्रास वाचतो. रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ ही वेगळीच डोकेदुखी. ते पंजाला चिरा पाडतं आणि कुत्र्याने चाटलं तर उलट्या होतात. म्हणून फिरून आल्यावर पाय धुणं, आणि धुण्यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे बोटांच्या बेचक्यापर्यंत कोरडे करणं.

इथे खोबरेल तेलाचा विषय निघतोच. मुलगी तिकडून विचारते, ‘आई, पायाला खोबरेल लावलं तर चालेल का गं?’ चालतं. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली थिजतं, त्यामुळे बर्फात ते पातळ मेणासारखा थर होऊन बसतं आणि थोडं चाटलं तरी बिघडत नाही. (बर्फगाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांसाठी मिळणारं मेण जास्त टिकतं, हेही खरं.) पण तेच तेल मे महिन्यात इथे कुत्र्याच्या अंगाला चोपडलं की ते पातळच राहतं, मराठवाड्याची धूळ त्यावर बसते, केस एकमेकांना चिकटतात आणि लवेतली हवा बंद. ‘चमक येते’ म्हणून दर रविवारी कुत्र्याला तेल लावणारी घरं आपल्याकडे थोडी नाहीत.

स्वेटरचंही तसंच. समोएडला किंवा हस्कीला बर्फात स्वेटर घालणं म्हणजे फुललेली लव दाबून टाकणं. हे कुत्रे शेपूट नाकावर ओढून, अंगाचं मुटकुळं करून उघड्यावर झोपतात आणि पाठीवर पडलेला बर्फ वितळत नाही, कारण आतली ऊब बाहेर येतच नाही. शी त्झू, माल्टीज, पूडल यांची गोष्ट निराळी. त्यांच्या अंगावर हस्कीसारखी दाट खालची लव नसते, त्यामुळे त्यांना शिकागोच्या जानेवारीत कोट लागतोच.

हाच फरक आपल्या झिरो मशीनच्या प्रश्नाचं उत्तर आहे. पूडल आणि शी त्झूचे केस माणसाच्या डोक्यावरच्या केसांसारखे वाढतच राहतात. ते नेमाने कापावेच लागतात आणि कापले की पुन्हा येतात. हस्की, समोएड, पॉम यांचे केस ठरावीक लांबीपर्यंत वाढतात आणि मग कित्येक महिने नुसते थांबून राहतात. ते मुळाशी कापले की पुन्हा वाढीच्या फेऱ्यात यायला त्यांना घाई नसते. लव आधी उगवते, वरचे राठ केस मागाहून, आणि कधी कधी चकंदळं पडून तशीच राहतात. पशुवैद्यकात याला स्वतंत्र नाव आहे, इतकं ते नेहमीचं आहे. दरम्यान ज्या कातडीने जन्मात ऊन बघितलं नाही, ती थेट उन्हात येते.

म्हणून ‘केसांमुळे कुत्रा उन्हाळ्यात गार राहतो’ असं काही विक्रेते ठासून सांगतात. हे अर्धंच खरं आहे, आणि ग्राहकाच्या सोयीचं अर्धं. केस ऊन अडवतात, पण अंगातली उष्णताही बाहेर जाऊ देत नाहीत. माणसासारखा सगळ्या अंगाला घाम कुत्र्याला येत नाही; घामाच्या कामाच्या ग्रंथी पंजांच्या गाद्यांवरच. बाकी सगळी मदार धापेवर, म्हणजे जिभेवरून आणि घशातून उडणाऱ्या पाण्यावर. पोटाखाली आणि मांड्यांच्या आत केस विरळ असतात; तिथून उष्णता जाते, म्हणूनच कुत्रा दुपारी शहाबादी फरशीवर पोट टेकून पसरतो. नीट विंचरलेला, मेलेली लव काढलेला कोट वारा आत येऊ देतो, तेवढी मदत होते. पण त्यामुळे सैबेरियाचा कुत्रा छत्रपती संभाजीनगरचा होत नाही.

या शहरात तो आला कसा, याची गोष्टही छोटी नाही. आधी पॉम होता. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’मधला टफी पांढरा इंडियन स्पिट्झच होता आणि त्या वर्षांत औरंगपुऱ्यापासून गारखेड्यापर्यंत घरोघरी दूधभात खाणारे पांढरे टफी दिसायला लागले. मग मोबाइल कंपनीच्या जाहिरातीने पग आणला. मग ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधल्या लांडग्यांची भुरळ पडली आणि निळ्या डोळ्यांच्या हस्कीचे भाव चढले. २०१६ मध्ये केंद्र सरकारने पैदाशीच्या धंद्यासाठी परदेशी कुत्रे आयात करायला मनाई केली, पण तोवर इथेच पैदास सुरू झाली होती. आज पहाटे विद्यापीठ परिसरात किंवा गोगाबाबा टेकडीच्या वाटेवर हस्की भेटला की लोक थांबून फोटो काढतात. तोच हस्की दुपारी कसा असतो, हे फोटो काढणाऱ्याला दिसत नाही.

दुपारी तो बहुधा कूलरसमोर असतो. मराठवाड्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये कूलर उत्तम काम करतो, माणसालाही, कुत्र्यालाही. मात्र खिडकी उघडी हवी. दारं-खिडक्या लावून कूलर चालवला की खोलीतली हवा दमट होते आणि दमट हवेत जिभेवरचं पाणी उडत नाही. माणसाला चिकचिक होते एवढंच, पण कुत्र्याची तर मुख्य सोयच बंद पडते. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस टेकलेला असताना कूलरवर भरवसा ठेवू नये तो म्हणूनच. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइटच्या दरम्यान असतं. आपण ज्याला ताप म्हणतो तिथे त्याची तब्येत ठणठणीत असते. ते १०५ च्या वर जाऊ लागलं, धाप थांबेना, हिरड्या गडद लाल झाल्या, पाय लटपटले, तर उष्माघात. अंग थेट कातडीपर्यंत नळाच्या साध्या पाण्याने भिजवायचं, वर पंखा, आणि गाडी डॉक्टरांकडे. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका; थोड्या वेळात तोच गरम होऊन बसतो.

पाण्याचं नाव काढलं आणि या शहरात उसासा आला नाही असं होत नाही. पैठणचा नाथसागर काठोकाठ भरलेला असला तरी अनेक वसाहतींत नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येतं. हस्कीला किंवा गोल्डनला नीट आंघोळ घालायची, शाम्पू पूर्ण निघेपर्यंत धुवायचं म्हणजे बादल्यांमागे बादल्या. बोअरचं पाणी जड. साबण त्यात फेसत नाही आणि निघतही नाही, केसांवर पांढरट राप धरतो. म्हणून लोक करतात काय, की घाईघाईत अर्धवट आंघोळ घालतात, टॉवेलने वरवर पुसतात आणि सोडून देतात. याहून आंघोळ न घातलेली बरी. निरोगी, विंचरलेल्या कुत्र्याला महिन्या-दोन महिन्यांतून एक आंघोळ पुरते. वरचे राठ केस धूळ धरून ठेवत नाहीत. वाळली की ती झटकली जाते, कंगव्याने निघते. पाणीटंचाईच्या गावात कंगवा हीच काटकसर आहे.

उन्हाळ्याची काळजी सगळे करतात. माझ्या मते या कुत्र्यांचा खरा वैरी पावसाळा, आणि त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. जुलैत म्हैसमाळला धुकं बघायला गाडीभरून जायचं, कुत्रा ओल्या गवतात उंडारायचा, फोटो छान यायचे. परत आल्यावर वरचे केस तासाभरात वाळलेले दिसतात. आत बोट घालून बघा : लव दुसऱ्या दिवशीही ओली असते. ध्रुवीय अस्वलाच्या कातड्याचं झालं तेच, फक्त इथे थंडीऐवजी उबेचा दमटपणा आहे. अशा जागी जंतू आणि बुरशी दोन्ही वाढतात. संध्याकाळी न दिसलेला ओलसर लाल चट्टा सकाळी तळहाताएवढा झालेला असतो. कुत्रा तो चाटून, चावून आणखी वाढवतो. दुकानांत त्याला ‘हॉट स्पॉट’ म्हणतात. अंगाला कुबट वास येऊ लागला, कान सारखे खाजवायला लागला, की घरच्या पावडरी आणि हळदी बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावं.

आणि गोचीड. आखूड केसांच्या कुत्र्यावर ती लांबून दिसते. हस्कीच्या लवेत महिनाभर बिनबोभाट राहते. कानाच्या आत, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी बोटांनी चाचपावं लागतं. गोचीडतापाने कुत्रे दगावतात. शिवाय ही गोचीड अंडी कुत्र्यावर घालतच नाही. खाली उतरून भिंतीच्या भेगांत, फरशीच्या सांध्यांत घालते. कुत्र्यावर औषध आणि घराकडे दुर्लक्ष, असं केलं की पंधरवड्यात पुन्हा तेच. एक सूचना आवर्जून : कुत्र्यांसाठीच्या काही गोचीड-औषधांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजरीला विष आहे. घरात दोन्ही असतील तर डॉक्टरांना आधी मांजर सांगा.

विंचरण्याची पद्धत शिकायला अर्धा तास पुरतो, पण बहुतेक घरांत ती चुकीचीच असते. ब्रश पाठीवरून वरवर फिरवला की कुत्रा चमकतो, मालक खूश आणि आत गाठी तशाच. केसांचा एक पट्टा हाताने वर धरायचा, खालची कातडी दिसली पाहिजे, आणि तिथून बाहेरच्या दिशेने थोडे थोडे केस सोडत विंचरायचं. आधी स्लिकर ब्रश, मग स्टीलचा कंगवा. कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेला तरच तो भाग झाला. गाठी कानांमागे, काखेत, हार्नेसखाली आणि मागच्या मांड्यांवर होतात. सगळं आंघोळीच्या आधी, कारण ओली झालेली गाठ वाळताना आवळते. आणि आंघोळीनंतर ड्रायर, गार किंवा कोमट हवेवर, कातडी कोरडी होईपर्यंत.

वर्षातून दोनदा लव एकदम सुटते, असं पुस्तकात असतं. ते सैबेरियात. केस गळण्याचं वेळापत्रक मुख्यतः दिवसाच्या लांबीवर चालतं, आणि हस्कीचे पूर्वज पाळणाऱ्या चुकची लोकांच्या मुलखात उत्तरेकडे जूनमध्ये रात्र जवळपास होतच नाही, डिसेंबरात दिवस जेमतेम उगवतो. आपल्याकडे सर्वांत छोटा दिवस अकरा तासांच्या आसपास आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा. त्यात घरात रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट. कुत्र्याच्या शरीराला ऋतू कळतो, पण पुसट, त्यामुळे घरात केस बारा महिने उडतात. सोफ्यावर, वरणात, देवघरात.

या गळणाऱ्या लवेला जगात किंमत आहे, हे ऐकून घरच्यांचा राग थोडा कमी होईल. पश्मिना म्हणजे चांगथांगच्या शेळीची खालची लवच. वसंतात ती सुटू लागली की कंगव्याने विंचरून काढतात. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे सेलिश लोक तर केवळ लोकरीसाठी पांढरे केसाळ कुत्रे पाळत आणि त्यांच्या लोकरीची घोंगडी विणत. गिरणीची घोंगडी आली, वसाहतवाद्यांचा जाच आला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते कुत्रे संपले. त्यांतल्या ‘मटन’ नावाच्या एकाचं १८५९ पासूनचं कातडं अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेत आहे आणि २०२३ मध्ये त्याच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हिमरू विणणाऱ्या या शहरात कुणी हस्कीची लोकर कातून बघितली तर मी पहिला ग्राहक होईन.

केस घडतात प्रथिनांपासून. दूधपोळी आणि दहीभातावर वाढलेल्या पॉमचे केस पिंजारलेले, पिवळट दिसतात ते धुण्याने सुधारणार नाहीत. त्याच्या ताटात अंडं, मासा, चिकन यायला हवं. शाकाहारी घरांनी परभणी-उदगीरहून शिकून आलेल्या एखाद्या पशुवैद्याकडून आहार आखून घ्यावा. आणि दिवाळीसाठी एक सूचना : चिवड्यातले बेदाणे आणि कांदा दोन्ही कुत्र्याला विषारी.

टपाल खात्याने जानेवारी २००५ मध्ये भारतीय कुत्र्यांची चार तिकिटं काढली : हिमालयी मेंढपाळ कुत्रा, रामपूर हाउंड, मुधोळ हाउंड, राजपालयम. केसाळ त्यांत एकच, हिमालयातला. उरलेले तिघे सडपातळ, आखूड केसांचे, लांब पायांचे. लातूर-धाराशिवकडच्या वाड्या-वस्त्यांवर, धनगरांच्या वाड्यांवर आजही मुधोळच्या जातकुळीतला कारवानी कुत्रा दिसतो आणि मेच्या उन्हात बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत निवांत बसतो. हवामानाने केलेली ही निवड आपण पंचवीस हजार रुपये मोजून उलटी फिरवतो.

हस्की घरात आलेलाच असेल तर त्याला टाकून द्यायचं नाही, बोडकाही करायचं नाही. पहाटे साडेपाचला आणि रात्री नऊनंतर फिरवा. डांबरावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल तर त्याचे पंजेही टेकवू नका. पोटावरचे केस थोडे कमी करून घेतले तर हरकत नाही, पाठीला हात लावू देऊ नका. पण अजून पिल्लू बघायला जायचं असेल, तर विक्रेत्याला डोळ्यांचा रंग आणि केसांची लांबी विचारण्याआधी घरच्या वीजजोडणीचा विचार करा. मे महिन्यात दुपारी वीज जाते, आणि बहुतेक घरांतल्या इन्व्हर्टरवर पंखा चालतो, एसी चालत नाही.